सातव्या आठवड्यात कसली भ्रूणहत्या?

मागच्या महिन्यात गल्लीतल्या एका सुनेला घेऊन गर्भपाताच्या गोळ्यांसाठी अमळनेरात औषधाची दुकानं पालथी घातली. तिला दोन लेकरं, धाकटं अजून अंगावर पितं, आणि सातवा आठवडा लागलेला. डॉक्टरीणबाईंची चिठ्ठी हातात होती. पहिला दुकानदार म्हणाला, "काकू, त्या गोया आम्ही ठेवतस नही." दुसऱ्याचंही तेच. तिसऱ्याने चिठ्ठी उलटसुलट पाहिली आणि आवाज उतरवून म्हणाला, "भ्रूणहत्येचं लफडं नको, तपासणीला येतात." पोरीने डोक्यावरचा पदर आणखी पुढे ओढला.

त्याला काय बोलणार? तो शब्द आम्हीच त्याच्या तोंडी घातलाय. २०११ च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे जळगाव जिल्ह्यात ८४२ मुली निघाल्या. शेजारच्या नंदुरबारात, ज्यांना आपण मागास म्हणतो तिथे, ९४४. तेव्हा महिला मंडळाच्या स्त्री-भ्रूणहत्येविरोधी रॅलीत मीही घसा फोडून ओरडले होते. गुन्हा होता गर्भाचं लिंग विचारणं आणि सांगणं. १९९४ चा कायदा त्यासाठी. गर्भपाताचा कायदा वेगळा, १९७१ चा. फलकावर मात्र दोन्ही एकाच 'हत्ये'त कोंबले. अरे, सातव्या आठवड्यात सोनोग्राफीवर मुलगा-मुलगी कळतं तरी का?

परवा हे ग्रुपवर टाकलं तर निवृत्त सायन्सचे सर धावून आले. सहाव्या आठवड्यात हृदय धडधडतं, म्हणजे माणूस झाला, विज्ञानानेच सांगितलंय! सर, ते सहा आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात. गर्भ तेव्हा जेमतेम चार आठवड्यांचा. गर्भधारणेनंतर साधारण दोन आठवडे एकाचे दोन, म्हणजे जुळी, होऊ शकतात. तेव्हा माणूस एक धरायचा की दोन? चोविसाव्या आठवड्याच्या आसपास आईबाहेर जगण्याची आशा धरता येते. हे सगळं विज्ञान सांगतं. यातल्या कुठल्या पायरीवर 'माणूस' म्हणायचं, ते सूक्ष्मदर्शकात दिसत नाही.

मग कायदा सांगतो का? मी बावीस वर्षं कोर्टात उभी राहते, म्हणून सांगते, तो काम पाहून बोलतो. बाप गेला तेव्हा पोटात असलेल्या मुलाला हिंदू उत्तराधिकार कायद्याच्या कलम २० नुसार वाटा मिळतो, पण जिवंत जन्मला तरच. भारतीय न्याय संहितेच्या कलम ८८ मध्ये बेकायदा गर्भपाताला तीन वर्षांपर्यंत कैद, पोटात हालचाल सुरू झाली असेल तर सातपर्यंत. आपल्या जुन्या शास्त्रातही चौथ्या महिन्यापर्यंत स्राव, पाचव्या-सहाव्यात पात, पुढे प्रसूती, आणि सुतक त्या हिशोबाने. आजीला हे तोंडपाठ होतं.

आणखी एक खटकतं. १९७१ चा कायदा बाईला हक्क देतच नाही, तो डॉक्टरला कवच देतो. २०२१ च्या दुरुस्तीत 'नवऱ्या'च्या जागी 'जोडीदार' आला, काही बायकांसाठी मुदत २० वरून २४ आठवडे झाली. तरी निर्णय डॉक्टरच्या मतावरच. ऑक्टोबर २०२३ मध्ये २६ आठवड्यांच्या एका विवाहितेच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या दोन महिला न्यायमूर्तींचंच एकमत झालं नाही. शेवटी तीन न्यायमूर्तींच्या पीठाने परवानगी नाकारली. इतक्या उशिराच्या गर्भाबद्दल माझंही मन डळमळतं, उगाच ठाम असल्याचं सोंग करत नाही. पण सातव्या आठवड्यात जिच्या कुशीत तो आहे तिने ठरवावं. गल्लीने नाही, सासूने नाही, माझ्यासारख्या काकूनेही नाही.

या वेळी महिला मंडळाच्या फलकावर 'भ्रूणहत्या' काढून 'गर्भलिंग निदान' लिहा म्हटलं, तर अध्यक्षबाई म्हणाल्या, "ताई, तेवढं कोण वाचेल?"

गोळ्या तिसऱ्या दिवशी धुळ्यात मिळाल्या. नऊ आठवड्यांनंतर त्या देता येत नाहीत. एसटीत पोरगी बोटांवर दिवस मोजत बसली होती. आठवा लागून गेला होता.