क्लेराँबोची छायाचित्रे: एका आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

गायताँ गातियाँ द क्लेराँबो या फ्रेंच मनोविकारतज्ज्ञाने मोरोक्कोत काढलेल्या, अंगभर वस्त्र लपेटलेल्या आकृतींच्या छायाचित्रांविषयीचा माझा लेख आपण बारकाईने वाचलात, याबद्दल आभारी आहे. कापडाच्या वेडाने पछाडलेल्या माणसाला मी अभ्यासकाची वस्त्रे चढवली, त्याचा 1908 चा निबंध दडवला आणि परक्या सत्तेच्या बळावर काढलेली, चेहरा नसलेल्या बायकांची चित्रे निव्वळ सौंदर्य म्हणून वाचकांपुढे ठेवली, असे आपले म्हणणे आहे.

निबंधाचा मुद्दा आधी घेते, कारण तिथे चूक माझीच आहे. पॅरिसच्या पोलीस खात्याला जोडलेल्या मनोरुग्ण कक्षात क्लेराँबो काम करत असे आणि मोठ्या दुकानांतून रेशीम चोरताना पकडल्या गेलेल्या काही स्त्रिया तिथे त्याच्यापुढे आल्या होत्या. त्या स्त्रियांना कापडाची जी कामुक ओढ होती, तिच्यावर हा निबंध आहे. पुरुषांमधल्या वस्त्रासक्तीत कापड हे स्त्रीदेहाची आठवण करून देणारे साधन असते, पण या स्त्रियांना रेशमामागे दुसरे कोणी नकोच होते. त्याचा कडकपणा, त्याची सळसळ, त्याचा स्पर्श एवढेच पुरेसे होते आणि उपभोग संपला की चोरलेला तुकडा त्यांच्या लेखी कवडीमोलाचा होई, असे निरीक्षण त्याने नोंदवले आहे. लेख लांबतो म्हणून हा भाग मी गाळला. तो गाळायला नको होता.

मात्र त्या स्त्रियांची ओढ आणि त्यांच्याविषयी लिहिणाऱ्याची ओढ एकच, असे आपण गृहीत धरता, ते मला मान्य नाही. त्याला कापडाचे विलक्षण आकर्षण होते यात शंका नाही. पण 1918-19 च्या सुमारास मोरोक्कोतल्या फेझ शहरात काढलेली छायाचित्रे एकापाठोपाठ एक पाहावीत. भिंतीपुढे उन्हात उभी असलेली किंवा बसलेली आकृती, डोक्यापासून पावलांपर्यंत पांढरा हाइक (अंगाभोवती लपेटायचे वस्त्र), डोळ्यांपाशी जेमतेम एक फट. नजर हळूहळू चुण्यांवर जाते. डोक्यावरून सुटलेले कापड खांद्याशी ताणले जाते, आतल्या हाताने ओढून धरले आहे तिथे चुण्या एका बिंदूकडे धावतात आणि खाली पुन्हा मोकळ्या होतात. कापडाचा मुख्य आधार शरीरावर कुठे आहे आणि तिथून ते कोणत्या दिशेने जाते, यावरून अशा पेहरावांचे वर्गीकरण करता येईल, असे त्याचे प्रतिपादन होते. 1920 च्या दशकात पॅरिसच्या एकोल दे बोझार या कलाशाळेत त्याने हाच विषय शिकवला. केवळ वासनेपोटी कोणी आधारबिंदू मोजत बसत नाही, असे मी ठामपणे म्हणेन.

आपल्याला तर हा भेद भाषेनेच शिकवला आहे. आपण सदरा घालतो, शाल पांघरतो आणि लुगडे नेसतो. नेसण्यात शिलाई नाही, बटण नाही. कापड अंगावर टिकते ते केवळ गाठ, ताण आणि वजन यांच्यामुळे. माझी आजी नऊवारी नेसताना कमरेची गाठ मारून झाली की पदराचे टोक हनुवटीखाली दाबून धरायची, दोन्ही हातांनी निऱ्या घालायची आणि कासोटा मागे खोवून झाल्यावर एकदा खाली बसून उठायची. त्या उठण्यात तिला कळायचे की ताण कुठे कमी पडला आहे. सव्वाआठ मीटर कापडाचा तोल ती कमरेवर सांभाळत होती. क्लेराँबो जे कॅमेऱ्याने शोधत होता, ते तिला अंगाने ठाऊक होते. म्हणूनच तो मला परका वाटला नाही आणि त्याच जवळिकीपोटी मी त्याच्याबाबत सैल झाले असेन.

सत्तेविषयीचा आपला आक्षेप मला सर्वांत खरा वाटतो. मोरोक्को 1912 पासून फ्रान्सच्या संरक्षित राज्याच्या जोखडाखाली होता आणि क्लेराँबो तिथे फ्रेंच सैन्यातला डॉक्टर म्हणून वावरत होता. अशा माणसाने उभे राहा म्हटल्यावर नकार देण्याची कितपत मुभा होती, हा प्रश्न मी लेखात विचारायला हवा होता. ज्या वस्त्राने परक्या नजरेपासून आडोसा मिळावा, तेच त्याच्या नजरेचा विषय झाले, याचे दुःख आपल्या प्रतिक्रियेत आहे आणि ते मलाही जाणवते.

एका गोष्टीला मात्र माझा विरोध आहे. 1934 मध्ये त्याने आत्महत्या केली, हा त्याच्या विकृतीचा पुरावा म्हणून आपण मांडला आहे. अखेरच्या काळात मोतीबिंदूने त्याची दृष्टी खालावली होती, शस्त्रक्रियेनंतरही पूर्वीसारखे दिसत नव्हते. ज्याचे सारे आयुष्य पाहण्यात गेले, त्याच्या अशा मृत्यूचा वापर कोणत्याच बाजूने करू नये, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आपल्या प्रतिक्रियेनंतर मी लेखात 1908 च्या निबंधाचा परिच्छेद घातला आहे. पहिल्या छायाचित्राखाली मी ‘फेझची सौंदर्यवती’ असे लिहिले होते. आतली व्यक्ती सुंदर आहे की नाही, तरुण की म्हातारी, इतकेच काय, स्त्री की पुरुष, हेही त्या चित्रावरून सांगता येत नाही. आता तिथे ‘हाइक घेतलेली व्यक्ती, फेझ’ एवढेच आहे.