जुन्या बुलेटच्या कामाबद्दल: तुमच्या अभिप्रायाला उत्तर

नमस्कार.

इंजिनाचं पूर्ण काम करूनही वडिलांची कास्ट आयर्न (ओतीव लोखंडी इंजिनाची जुनी) बुलेट मित्राच्या नव्या बुलेटसारखी चालत नाही, ८०ला हँडल थरथरतं आणि किक उलटी मारते, असं लिहून तुम्ही दोन स्टार दिलेत.

किकचं आधी बोलतो, कारण ती चूक आमची आहे. तुमचं वाचून ज्याने काम केलं त्याला विचारलं. पॉइंटचा, म्हणजे ठिणगी पाडणाऱ्या स्विचचा, गॅप लावल्यावर त्याने टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडते ते, पुन्हा बघितलंच नव्हतं. गॅप जरा जास्त राहिला की पॉइंट लवकर उघडतात, ठिणगी आधी पडते आणि किक उलटी येते. गाडी देण्याआधी मी स्वतः किक मारून बघायला हवी होती. पायाला लागलं असेल तर मनापासून माफी मागतो.

थरथरीचं मात्र वेगळं आहे. इंजिनाचे माउंटिंग बोल्ट पुन्हा तपासतो, पण ती पूर्ण जाईल असा शब्द देणार नाही. २०२३ला आलेल्या बुलेटचं इंजिन मुळातच नवं आहे. त्यात बॅलन्सर शाफ्ट आहे, तो पिस्टनचे हादरे बऱ्यापैकी मारतो. तुमच्या इंजिनात तो नाहीच. तुमचा स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली चाल) ९० मिमी, नवीचा ८५.८. तुमच्याकडे व्हॉल्व्ह उघडायला पुशरॉड (लांब दांडे) आणि चार गिअर, तिकडे व्हॉल्व्ह उघडणारा कॅमशाफ्ट वर हेडमध्येच आणि पाच गिअर. ताकदीत फार फरक नाही, तुमची १८ बीएचपीची, ती २०च्या थोडी वर. फरक जाणवतो तो वेग धरून ठेवताना. रोज हायवेला ८०-९०ने जायचं असेल तर नवीच घ्या, हे मी कुणालाही सांगतो. तुमची गाडी ५०-६०च्या चालीत सुखाने चालते. नव्या गाडीशी तुलना होणार हे दिसत असताना काम घेतानाच हे बोलायला हवं होतं.

गाडी घेऊन या. टायमिंग तुमच्यासमोर लावतो, त्याचे पैसे नाहीत. आणि किक मारायची रीतही दाखवतो. चावी फिरवून किक हळूहळू दाबत न्यायची, अ‍ॅमीटरचा (विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या मीटरचा) काटा मधोमध आला की थांबायचं, डीकॉम्प्रेसर (सिलेंडरमधला दाब सोडणारा लिव्हर) ओढून किक जरा पुढे सरकवायची, सोडून वर येऊ द्यायची, आणि मग पूर्ण वजनाने एकच. वडील आले तर फारच बरं, त्यांची कित्येक वर्षांची सवय आहे, काय बिघडलंय ते त्यांच्या पायाला लगेच कळेल.