डबा मधोमध आणताना

थोरल्या जाऊबाईंच्या गोड्या मसाल्याला सांगलीबाहेरही गिऱ्हाईक मिळावं म्हणून त्याचं वेबपेज करायचं असं घरात ठरलं, आणि ते मी करायचं हेही परस्पर ठरलं. कारण काय, तर एमएस-सीआयटीचं सर्टिफिकेट घरात माझ्या एकटीकडे आहे. त्या कोर्सात मी एक्सेलमध्ये बेरजा केल्या होत्या आणि पॉवरपॉइंटमध्ये अक्षरं गरागरा फिरवत आणली होती. त्याचा वेबपेजशी संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती. इंजिनिअरिंगला असलेला पुतण्या हॉस्टेलवरून फोनवर म्हणाला, "काकू, एचटीएमएल म्हणजे काहीच नाही गं. नोटपॅड उघड आणि टॅग लिहीत सुट."

सुटले. एचटीएमएल म्हणजे पानात काय कुठे आहे ते ब्राउझरला सांगायची भाषा, आणि टॅग म्हणजे त्यातली एकेक खूण. शीर्षकाला एक टॅग, परिच्छेदाला एक, फोटोला एक. उघडलेला टॅग बहुतेक वेळा बंद करायचा, एवढंच पथ्य. 'गोडा मसाला' हे दोन शब्द ठळक करायला गेले तर त्याखालचं अख्खं पान ठळक झालं. वजन, पत्ता, फोन नंबर, सगळंच ओरडायला लागलं. बंद करायचा टॅग कुठेतरी निसटला होता म्हणे. मग ब्राउझरने तसं सांगायला नको? पण एचटीएमएल वाचताना तो कशालाच अडत नाही, आणि हा त्याचा मोठा गुण समजतात. टॅग उलटेपालटे घाला, अर्धे सोडा, स्पेलिंग चुकवा. तो मनानेच काहीतरी अर्थ लावतो आणि पान पुढे करतो. कांदेपोहे खाऊन 'कळवतो' म्हणत उठणाऱ्या मुलाकडच्या मंडळींसारखा. नक्की काय खटकलं, ते शेवटपर्यंत कळत नाही.

हे सगळं ज्यांनी सुरू केलं ते टिम बर्नर्स-ली जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत होते. १९९१ साली त्यांनी जगातलं पहिलं संकेतस्थळ लोकांपुढे ठेवलं. नुसता मजकूर आणि दुवे. ना फोटो, ना रंग. शास्त्रज्ञांना तेवढं पुरलं. जाऊबाईंना कुठलं पुरतंय!

त्यांच्या सूचना सुरू झाल्या आणि मला सीएसएसमध्ये, म्हणजे पान सजवायच्या भाषेत, उतरावं लागलं. पानातला मजकूर वेगळा आणि त्याचा साजशृंगार वेगळा ठेवावा म्हणून हाकोन विउम ली या नॉर्वेच्या गृहस्थांनी १९९४ साली ती सुचवली. हेतू चांगलाच होता. रंगांना त्यात इंग्रजी नावं आहेत: टोमॅटो आहे, चॉकलेट आहे, गहू आहे, सामन मासासुद्धा आहे. गोडा मसाला नाही. नाव नसेल तर कोड लिहून दीड कोटीहून जास्त छटांतून हवी ती निवडा, अशी मुभा असते. "काळपट नको, लालसरही नको. खोबरं खरपूस भाजल्यावर होतो ना, तसा," जाऊबाई म्हणाल्या. तसा आणला. माझ्या लॅपटॉपवर खोबरं, त्यांच्या फोनवर वीट.

मग शीर्षक ऐसपैस हवं झालं. अक्षरांत अंतर वाढवायची सोय सीएसएसमध्ये आहे आणि इंग्रजीला ती शोभतेही. मराठीत शिरोरेषाच तुटली. प्रत्येक अक्षर आपापलं छप्पर घेऊन वेगळं राहायला गेलं. ओळी जवळ आणाव्या तर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला जाऊन भिडते. घरी एवढं सगळं जमवून पान सर्व्हरवर चढवलं, तर मराठी मजकुराच्या जागी डोक्यावर तिरका फराटा मारलेल्या इंग्रजी ए-ची रांग. अक्षरं कुठल्या पद्धतीने वाचायची ते ब्राउझरला कळावं म्हणून पानाच्या माथ्यावर 'यूटीएफ-८' अशी एक ओळ लिहायची असते. ती मिळाल्यावर मराठी परतली.

पण खरा जीव खाल्ला तो डब्याने. मसाल्याच्या डब्याचा फोटो पानाच्या मधोमध हवा, उभाही आणि आडवाही, एवढीच मागणी. मजकूर मधे आणायची आज्ञा दिली, मजकूर आला, डबा डावीकडेच. दोन्ही बाजूंचा मार्जिन, म्हणजे कडेची मोकळी जागा, 'ऑटो' केला, डबा ढिम्म. पुतण्या म्हणाला, फोटो ओळीतल्या अक्षरासारखा वागतो, आधी त्याला 'ब्लॉक' कर. केला. आडवा मधे आला, पण उभा वरच चिकटून. 'व्हर्टिकल-अलाइन: मिडल' असं चक्क लिहिता येतं. ते लिहिलं. काहीही झालं नाही, आणि झालं नाही याबद्दल कुणी एक शब्द काढला नाही.

"डब्याला कशाला सांगतेस काकू? तो ज्याच्या पोटात आहे त्या पेरेंटला सांग."

म्हणजे जे हवं ते थोरल्यांच्या कानावर घालायचं! एकत्र कुटुंबात इतकी वर्षं काढून हे मला दुसऱ्याने सांगावं लागलं. पेरेंटला 'फ्लेक्स' केलं, दोन्ही दिशांना 'सेंटर' लिहिलं. तरी डबा वरच. कारण पेरेंटला उंचीच नव्हती. तो डब्याएवढाच होता, त्यात मधे-वर-खाली असा भेदच नाही. त्याला स्क्रीनभर उंची दिली आणि डबा सुळकन खाली येऊन बरोब्बर मधे थांबला. रात्रीचे दोन वाजले होते. घरात दाखवायला जागं कुणी नव्हतं.

सकाळी जाऊबाईंनी चष्मा लावून पाहिलं. फोनवर पान इवलंसं दिसत होतं, कारण फोनसाठी आणखी एक 'व्ह्यूपोर्ट'ची ओळ लागते, तीही घातली. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "छान आलाय गं, अगदी मधोमध! आता तेवढा जरा डावीकडे घेतेस? म्हणजे उजवीकडे लोणचं बसेल."