एकच सूट शिवणार असाल तर नेव्ही ब्लू शिवा

स्पष्टच बोलतो, राग आला तर येऊ दे. आपल्या बेळगावात रिसेप्शनला नवरदेव जो चमचमता मरून थ्री-पीस घालतो, तो एका रात्रीपुरताच असतो. दुसऱ्या दिवशी डांबरगोळ्या टाकून कपाटात, आणि दोन पावसाळे गेले की कॉलरवर बुरशी. तो परत कुठं घालणार? बँकेत? उद्यमबागेच्या कारखान्यांत धंद्याच्या पार्टीला भेटायला?

नेव्ही ब्लू घ्या, तोही सेल्फ डिझाइनचा, म्हणजे विणीतच नक्षी असलेला. सेल्फ म्हणजे चौकडे नव्हेत हं. बर्ड्सआय नावाचं कापड हातात घेऊन बघा: गर्द निळ्यात फिक्या धाग्याचे मोहरीहून बारीक ठिपके, विणतानाच आलेले. दोन पावलं मागं सरका, ठिपके गायब. उरतो तो निळा, पण सपाट नाही, जरा खोल वाटणारा. हेरिंगबोनमध्ये माशाच्या काट्यागत तिरप्या रेघा असतात, त्याही तशाच लपतात. अशा कापडावर सुरकुती, धूळ लवकर दिसत नाही. आणि फोटोत फ्लॅश पडला तरी अंग चकाकत नाही, हे तर फारच महत्त्वाचं.

हॉपसॅक नावाच्या कापडाची वीण जरा मोकळी, वारा खेळतो. आमच्यासारख्या घाम येणाऱ्यांना बरी. शिवाय तिचा नुसता कोट करड्या पँटवर ब्लेझर म्हणून चालून जातो. गुळगुळीत सूटचा कोट असा वेगळा घातला की पँट ड्रायक्लीनला दिल्यासारखं दिसतं.

दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नेव्ही आणि काळा यातला फरक कळत नाही. खडे बाजारात असा की गणपत गल्लीत, तागा उचलून दारात उजेडाला न्यायला सांगा. नेतात. भाव कन्नडात, कौतुक मराठीत, शेवटी हिसाब हिंदीत, हे आपल्याला नवीन नाही.

‘सुपर १५०’ ऐकून भाळू नका. तो आकडा लोकरीच्या तंतूच्या बारीकपणाचा. सुपर १०० म्हणजे जास्तीत जास्त १८.७५ मायक्रॉनची लोकर, १५० म्हणजे १६.२५. बारीक तंतू मऊ खरा, पण चुरगळतो लवकर आणि झिजतोही लवकर. स्कूटरवरून फिरणाऱ्याला १०० ते १२० पुरे. वजन चौरस मीटरला २५०-२८० ग्रॅम. आपलं गाव अडीच हजार फुटांवर, एप्रिल-मे सोडला तर एवढं सहज सोसतं. बजेट कमी असेल तर चांगलं टेरीवूल (पॉलिस्टर आणि लोकर मिसळलेलं कापड) घ्या, पण पॉलिस्टरची झाक मारणारं नको.

शिलाईत मात्र हात आखडू नका. कोटाच्या छातीत आत कॅनव्हासचा थर शिवून घालणार की नुसतं फ्यूजिंग, म्हणजे इस्त्रीनं चिकटणारं अस्तर, चिकटवणार, हे मास्तरांना आधीच विचारा. हलक्या प्रतीचं फ्यूजिंग असेल तर ड्रायक्लीन करता करता पुढे फुगे येतात आणि मग काही इलाज नसतो. ट्रायलला जाताना सूटवर घालणार तोच शर्ट, तेच बूट घालून जा. कंबर, बाही, लांबी नंतर दुरुस्त होते. खांदा पडला की पडला. कोटाच्या बाहीखालून शर्टाचा कफ अर्धा इंच दिसला पाहिजे. खालचं बटण उघडंच ठेवायचं आणि बाहीवरचं कंपनीचं लेबल उसवायचं. (हो, अजूनही मिरवतात लोक.) बूट तपकिरी चालतात, काळेच हवेत असं काही नाही.

आणि कापड गणपतीच्या आधी मास्तरांच्या हातात पडू दे. तुळशीचं लग्न झालं की ते मान वर करून बघतसुद्धा नाहीत.