म्युनिक ते मुंबई आठ तास, मुंबई ते कोथरूड पावणेसात

म्युनिकला माझ्याकडे आलेल्या आईबाबांच्या शेंगेन व्हिसाचे नव्वद दिवस संपत आले तशी आईने बॅगा भरायला घेतल्या आणि मी रजा टाकली. तिचे गुडघे, व्हीलचेअर, पट्ट्यावरून उतरवायच्या चार बॅगा, हे सगळं एकट्या बाबांवर सोडायला धीर होईना. २०२५ च्या मेचा शेवटचा आठवडा होता. पाऊस त्या वर्षी पंधरा दिवस आधीच मुंबईत येऊन बसला होता.

विमानातले आठ तास बरे गेले. बाबांनी समोरच्या पडद्यावरचा नकाशा सोडून काही पाहिलं नाही. आपण कुठल्या देशावर आहोत ते दर अर्ध्या तासाने आईला उठवून सांगत होते. तिने शेवटी डब्यातली दशमी त्यांच्या हातात ठेवली, तेव्हा जरा गप्प बसले. रात्री एकला मुंबईत उतरलो.

सामान घेऊन गाडीत बसेपर्यंत सव्वादोन. खालापूरच्या फूडमॉलवर आईने चहा नको म्हटलं, कारण उतरायला लागलं असतं. मग घाट. पाऊस, धुकं, आणि पुढे कुठेतरी आडवा झालेला ट्रक. "काका, अमृतांजनला जाम आहे," ड्रायव्हर म्हणाला. घाटातला अमृतांजन पूल २०२० मध्ये पाडला, पण जाम अजून त्याच्याच नावावर लागतो. दीड तास गाडी जागची हलली नाही. आई पाय सीटवर लांब करून, साडीवरून गुडघे चोळत बसली होती. आणि तिथे बाबांनी, तीन महिने माझ्या जेवणाच्या टेबलावर ऐकलेलं वाक्य पुन्हा टाकलं: "पुरंदरचं विमानतळ झालं असतं तर आत्ता घरी झोपलो असतो."

बाबांचं काही चुकत नाही. पुण्याचं आत्ताचं लोहगाव विमानतळ हवाई दलाचं. तिथे २०२४ मध्ये नवं टर्मिनल सुरू झालं, छान आहे, पण टर्मिनल कितीही चकाचक केलं तरी धावपट्टी अडीच किलोमीटरचीच राहते, आणि युरोपला जाणारं मोठं विमान पोटभर इंधन घेऊन तिथून उठत नाही. २००८ मध्ये पुणे-फ्रँकफर्ट थेट विमान सुरूही झालं होतं. छोटं विमान, मोजक्या जागा, पुढे तेही बंद पडलं. नव्या विमानतळासाठी आधी चाकण, मग खेड-राजगुरुनगर, आणि २०१६ पासून पुरंदर. पुण्यातल्या अर्ध्या घरांतली मुलं बाहेर आणि शहराला लांबचं विमान नाही, हे बाबांना कमीपणाचं वाटतं. फॅमिली ग्रुपवर ते लिहितात, "परदेशात बघा, ठरलं की होतं. आपल्याकडे नुसता विरोध."

त्याच ग्रुपवर मामा आहे. आईचा धाकटा भाऊ, वनपुरीचा. वनपुरी, कुंभारवळण, उदाचीवाडी, एखतपूर, मुंजवडी, खानवडी, पारगाव, म्हणजे पुरंदरच्या विमानतळासाठी ज्यांच्या जमिनी घ्यायचं ठरलं त्या सात गावांतलं एक. मामाची अंजिराची बाग आहे आणि बांधाला सीताफळं. मीठा बहाराची अंजिरं त्याने आम्हाला लहानपणापासून पाटीत पानं अंथरून पाठवली. ड्रोनने मोजणी करायला माणसं आली आणि पोलीस नि गावकरी समोरासमोर आले, त्याला त्या दिवशी महिनाही झाला नव्हता. बाबांच्या पोस्टला मामा उत्तर देत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी बागेचा एक फोटो टाकतो, बस.

या भांडणात मला नेहमी साक्षीदार म्हणून ओढतात. "तू सांग, तिकडे कसं आहे." तर तिकडे असं आहे.

म्युनिकचं विमानतळ १७ मे १९९२ ला सुरू झालं, पण जागेचा शोध १९६० च्या दशकात सुरू झाला होता. १९८० मध्ये काम सुरू झालं आणि पुढच्याच वर्षी कोर्टाने थांबवलं, ते चारेक वर्षं थांबलंच. फ्रान्झहाइम नावाचं अख्खं गाव उठवलं. म्हणजे "ठरलं की होतं" याला जर्मनीत जवळपास तीस वर्षं लागली. पुढे तिसऱ्या धावपट्टीची टूम निघाली. विमानतळ कंपनीत म्युनिक महापालिकेचा २३ टक्के वाटा, तिच्या होकाराशिवाय पाऊल पडत नाही, म्हणून १७ जून २०१२ ला शहराने नागरिकांनाच विचारलं. ५४ टक्क्यांहून जास्त मतं 'नको' अशी पडली. तो कौल कायद्याने वर्षभरच बांधील होता आणि धावपट्टीची परवानगी नंतर कोर्टात टिकलीही. तरी धावपट्टी झालेली नाही.

यातली खरी गंमत मी बाबांना कितीदा सांगितली, ते ऐकून न ऐकल्यासारखं करतात. ज्यांच्या छपरांवरून विमानं जाणार होती त्या विमानतळाशेजारच्या फ्रायझिंगच्या लोकांना त्या मतदानात मत नव्हतं. मत होतं म्युनिकच्या लोकांना, ज्यांना विमान हवं असणार त्यांना. आणि त्यांनी नको म्हटलं. (मतदानाला तिघांतला एकच गेला, हेही खरं. लोक तिथेही रविवारी झोपतात.)

तसं कोथरूडला विचारलं तर कोथरूड 'हो'च म्हणेल. बाणेर दोन्ही हात वर करेल. पण निदान मत द्यायच्या आधी त्या सात गावांची नावं तरी कोथरूडला पाठ करावी लागतील, आणि फळबागेच्या बदल्यात मिळणाऱ्या पैशाचं माणूस पुढे करतो काय, याची चौकशी करावी लागेल. हिंजवडीच्या आसपास ज्यांनी जमिनी दिल्या त्यांच्या घरी जाऊन विचारलं तरी पुरे.

आणि मला विचाराल तर माझं मत मोजूच नका. म्युनिकमध्ये भारतीय पासपोर्टवर मला मत नव्हतं, पुण्यात मतदानाला मी नसते. वर्षातून एकदा येणाऱ्या माझ्यासारखीचे घाटात गेलेले तास हे कुणाची बाग काढायचं कारण कसं होईल? कारखान्यांना, मालाला, शेतमालाच्या निर्यातीलाही विमानतळ लागत असेल. तो हिशेब मांडावा, भांडावं. पण "आमची मुलं परदेशात असतात" हा मुद्दा तेवढा मागे घ्या. त्या मुलांतली एक म्हणून सांगते. अर्थात घाटात आई गुडघे चोळत होती तेव्हा कुणी समोर मतपेटी धरली असती, तर मी काय केलं असतं हे सांगायची माझी हिंमत नाही.

पावणेआठला कोथरूडला पोचलो. बॅगा जिन्यातच ठेवल्या. आईने पाय गरम पाण्यात सोडले तेवढ्यात मामाचा फोन.

"पोचलात का गं? किती वाजले?"

"पावणेआठ, मामा. मुंबईत एकलाच उतरलो होतो."

"अरे अरे. ताईचे हाल झाले असतील." मग जरा थांबून म्हणाला, "आमच्या रानात उतरला असतात तर पहाटेलाच घरी. चहा मीच आणून दिला असता धावपट्टीवर."

बाबांनी फोन मागितला. मी दिला नाही, मामाला सांगितलं, बाबा झोपलेत.