शांतता मरते ती ऑटोप्लेने

‘अ‍ॅनिमेशन आलं की चित्रपुस्तकातली शांतता मरते’ हे चित्रपुस्तकांवरच्या एका लेखातलं विधान पटलं नाही. ब्रिटिश चित्रकार-लेखक रेमंड ब्रिग्ज यांचं ‘द स्नोमॅन’ (१९७८) हे शब्दांविना पुस्तक. त्यावरचा १९८२ चा अ‍ॅनिमेशनपटही, एक गाणं सोडलं तर, जवळजवळ मुकाच आहे. सांताक्लॉजची भेट मात्र पुस्तकात नाही, ती चित्रपटात मागून घातलेली. (नसती तरी चाललं असतं!)

गोव्यातल्या डिचोलीच्या आमच्या बालवाडीत तो चित्रपट दाखवला. बर्फ कधी न पाहिलेली पोरं आधी गप्प, मग त्या बर्फाच्या माणसाच्या तोंडी आपलेच संवाद घालू लागली, अर्धे मराठीत, अर्धे कोंकणीत. घरी मोबाइलवर हे होत नाही, कारण एक संपताच पुढचा व्हिडिओ आपोआप सुरू होतो, तोच ऑटोप्ले. लेखात त्यावर एक ओळही नाही.