‘काहीही बदलणार नाही’ हे आधी बंद करा!

कंपनी विकली गेली की पहिल्याच टाउनहॉलमध्ये, म्हणजे सगळ्या कर्मचाऱ्यांच्या सभेत, तेच वाक्य: “तुमच्यासाठी काहीही बदलणार नाही.” कशाला खोटं बोलता? लगेच ईमेलचा पत्ता बदलतो, मग मेडिक्लेम, मग मॅनेजर. ग्रेड नव्याने लावतात आणि वर्षानुवर्षं सीनियर असलेला माणूस एका रात्रीत दोन पायऱ्या खाली! व्यवस्थित चालणारी बिल्ड सिस्टीम (कोडपासून सॉफ्टवेअर तयार करणारी यंत्रणा) बंद, कारण ‘त्यांच्याकडे’ वेगळी आहे. साधा टेस्ट सर्व्हर हवा तर तीन देशांतून मंजुरी. आणि ज्या प्रॉडक्टसाठी आम्हाला घेतलं, तेच रोडमॅपमधून, म्हणजे पुढच्या कामांच्या आराखड्यातून, गायब. मग घेतलंत कशाला?

मायक्रोसॉफ्टने एप्रिल २०१४ मध्ये नोकियाचा फोनचा धंदा ताब्यात घेतला. जुलैमध्ये १८,००० नोकऱ्या कापायची घोषणा, त्यातल्या सुमारे १२,५०० त्याच धंद्यातल्या. पुढच्या वर्षी ७.६ अब्ज डॉलर निर्लेखित केले, म्हणजे बुडीत धरले, आणि आणखी ७,८०० जणांना नारळ. सौदा चुकला वरच्यांचा, घरी गेले कोण?

कोण राहणार, कोण जाणार, हे तोंडावर सांगा ना! घराचे हप्ते भरणाऱ्या माणसाचा जीव महिनोन्महिने टांगणीला लावायचा हक्क तुम्हाला दिला कोणी?